हिरवं राहिलेलं पान

“पानवाली आल्याशिवाय मी हात दाखवणार नाही,” असं जाहीर करून चिमणीने तोंड भिंतीकडे फिरवलं. सहा वर्षांची पोर. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत आणि छातीची एक बाजू उकळत्या पाण्याने भाजलेली. पण तोरा असा, की दवाखाना जणू तिच्या आजोबांनीच बांधलाय.

“ऐकलंत का?” मोठ्या सिस्टरांनी टोकाच्या खोलीकडे बघून आवाज दिला. “राणीसाहेब बोलावताहेत. आणि पाहुणे अकराला येणारेत, आहे ना लक्षात?”

लक्षात नसायला काय झालं! त्या पाहुण्यांपायीच पानवाली सकाळी सहापासून कंबर कसून उभी होती. जळित विभागाच्या टोकाला तिची खोली. एक दगडी ओटा, एक नळ, दोन कात्र्या आणि पिठाची खळ शिजवायचं पातेलं, एवढाच संसार. इथे ती बावीस वर्षं केळीच्या पानांच्या पट्ट्या बनवत होती. पाण्याच्या टाकीमागे तिने हाताने लावलेल्या केळी होत्या. तिथून पान आणायचं, फार कोवळं नाही, फार जून नाही. मधला दांडा काढून टाकायचा. पान धुवायचं, पुसायचं, खळ लावून कापडाच्या पट्टीवर चिकटवायचं. मग सैल गुंडाळी करून ड्रममध्ये रचायची आणि जंतू मारायला ड्रम वाफेच्या यंत्रात द्यायचा. जाळीची पट्टी जखमेला चिकटते आणि निघताना नवी कातडी ओरबाडून नेते. पान चिकटत नाही, अलगद निघतं. फरक एवढाच, पण तो केवढा आहे हे ज्याचं अंग भाजलंय त्याला विचारा.

पान चिकटत नसलं तरी नाव मात्र चिकटलं होतं. कुणीतरी कधीतरी चेष्टेत ‘पानवाली’ म्हटलं, आणि आता पगारपत्रकावरच्या नावाने हाक मारली तर तिला स्वतःलाही क्षणभर कळत नसे, की कुणाला बोलावताहेत.

“आले, आले,” असं म्हणत ती चिमणीच्या खाटेपाशी आली. “काय गं, मोठ्या सिस्टरांना कामाला लावतेस?”

“त्या जोरात ओढतात.”

“मी कुठे ओढते? अगं, पानाची पट्टी आहे ती, कुणीही काढली तरी अलगदच निघते!” सिस्टर म्हणाल्या.

“त्या ओढतील असं वाटतं,” चिमणीने दुरुस्ती केली, आणि खाटेच्या पायथ्याशी बसलेली तिची आईसुद्धा हसली. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच हसली असावी. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला होती. शाळेला सुट्टी म्हणून पोरीला तिने बरोबर नेलं, पोर खेळता खेळता उकळत्या पाण्याच्या टबापाशी गेली, आणि पुढचं सांगायची गरज नाही. आईचे हात सोड्याच्या पाण्याने कायमचे फुटलेले, भेगाळलेले. ते मांडीवर एकमेकांत गुंतवून ती दिवसभर बसून असायची.

“शुक्रवारी नवी कातडी लावायची ना, मावशी?” तिने विचारलं.

“लावायचीच. जखम बघा कशी आलीय, गुलाबी.” पानवालीच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. “पाहुणे आले की पट्टी बदलू. त्यांच्यासमोर रडायचं नाही हं, चिमणे. आपली इज्जत आहे.”

“मी रडतच नाही,” चिमणी म्हणाली. हेही खरंच होतं.

पाहुणे कुठल्याशा मोठ्या संस्थेचे होते. दवाखान्याचे नवे साहेब तीन महिन्यांपूर्वी आले, त्यांनी हा पानांचा प्रकार पाहिला आणि हरखून गेले. एवढं स्वस्त, एवढं साधं, आणि हे एकाच दवाखान्यात पडून राहावं? त्यांनी पत्रं लिहिली. पाहुण्यांना पटलं तर पन्नास दवाखान्यांत केळी लावणार होते, आणि शिकवायला पानवालीच जाणार होती. चौथी नापास बाई नर्सांना शिकवणार! हे तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शिवणयंत्र थांबवून तिच्याकडे बघतच राहिला होता.

तर या पाहुण्यांसाठी तिने त्या सकाळी ड्रम घासला. स्टीलचा गोल डबा, त्याच्या कमरेभोवती भोकांची रांग, आणि ती भोकं उघडायला-झाकायला एक सरकती पट्टी. वाफेत जाताना भोकं उघडी, म्हणजे वाफ आत जाते. बाहेर आल्यावर भोकं बंद, म्हणजे धूळ आत जात नाही. बावीस वर्षांत हे तिने इतक्यांदा केलं होतं, की हात आपोआप चालायचे. पण ड्रम घासायची वेळ रोज थोडीच येते? तिने पानं भरली, झाकण लावलं, मग राखेने आणि चिंधीने ड्रम बाहेरून असा लख्ख केला, की तोंड दिसावं. पट्टीखालचा भाग काळवंडलेला होता, म्हणून ती सरकवून तिथेही घासलं. मग ड्रम वाफवाल्याच्या हाती दिला.

“आरसा केलास की गं, ताई,” वाफवाला म्हणाला होता.

साडेदहाला त्याने ड्रम परत आणून दिला. झाकणावर चिकटवलेल्या कागदी टेपवर काळ्या रेघा, म्हणजे वाफ बसल्याची खूण, उमटल्या होत्या. “टेप काळी आलीय. घे, पाहुण्यांना खूश कर.”

अकराला साहेब, चार पाहुणे, दोन कॅमेरे आणि मोठ्या सिस्टर असा सगळा लवाजमा चिमणीच्या खाटेभोवती उभा राहिला. पानवालीने नवा कोट घातला होता. नवऱ्याने रविवारी बसून शिवलेला, दोन खिशांचा. तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि आधी कालचं पान काढलं. चिमणी छताकडे बघत राहिली. हूं नाही की चूं नाही. पाहुण्यांपैकी एक बाई हळूच म्हणाल्या, “कमाल आहे.”

पानवालीचा ऊर भरून आला. तिने ड्रम उघडला. वरची गुंडाळी काढली. पान नेहमीसारखं मळकट, चहाच्या चोथ्याच्या रंगावर गेलेलं. ते दंडावर बसवलं. दुसरी गुंडाळी थोडी उजळ वाटली. ती खांद्यावरून छातीच्या बाजूला घेतली. तिसरी तिने मधून काढली, उलगडली, आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

पान हिरवंगार होतं.

नुसतं हिरवं नाही. झाडावर होतं त्याहून हिरवं. स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, पालेभाजीला नुसता चटका बसला की ती जास्तच हिरवी दिसते आणि पूर्ण शिजली की रंग सोडते. ज्या जुन्या डॉक्टरबाईंनी तिला हे काम शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. “टेप झाकणावर असते, तिला बाहेरची वाफ लागली तरी ती काळी होते. तू टेपवर जाऊ नकोस. पान बघ. पान हिरवं दिसलं तर सगळा ड्रम फेकून दे आणि पुन्हा सुरुवात कर. कुणी थांबलेलं असो, नसो.”

तिची नजर ड्रमच्या कमरेवर गेली. ड्रम तिने आताच खोलीतून आणला होता, आणि आणताना भोकं बंद करायला हात गेला तेव्हा पट्टी आधीच सरकलेली होती. त्या वेळी तिला वाटलं, वाफवाल्याने केली असेल. त्याने केली नव्हती. सकाळी चिंधीने घासताना तिनेच सरकवली होती, आणि तशीच ठेवली होती, कारण बंद पट्टीचा ड्रम जास्त छान दिसत होता.

हिरवं पान तिच्या दोन्ही हातांत तसंच उलगडलेलं होतं.

“काय झालं, बाई?” साहेबांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. कॅमेरा तिच्याकडे बघत होता. टेप काळी होती. नोंदवहीत वेळ आणि दाब बरोबर लिहिलेला होता. आणि एवढं धुतलेलं, पुसलेलं पान, अर्धी का होईना वाफ लागलेली, त्यात असं काय जगायचं राहिलं असेल? पाहुणे गेले की लगेच काढू. तासाभराचा तर प्रश्न.

“काही नाही, साहेब,” ती म्हणाली, आणि हिरवं पान तिने चिमणीच्या मनगटापासून कोपरापर्यंत अलगद बसवलं.

“आज किती छान हिरवं आहे!” चिमणी म्हणाली.

पाहुणे हसले. कॅमेऱ्याचा खटका वाजला.

* * *

पाहुणे गेले, पण तासाभराने नाही. त्यांनी सगळा विभाग पाहिला, केळी पाहिल्या, आणि निघताना साहेबांनी मोठ्या सिस्टरांना बजावलं, “उद्या अकराला हे पुन्हा येतील. हीच पट्टी त्यांच्यासमोर काढायची. तोवर त्या मुलीच्या हाताला कुणी हात लावायचा नाही.”

पानवालीने दुपारी दोनला जाळीची पट्टी ताटलीत घेतली आणि चिमणीच्या खाटेपाशी गेली. चिमणी झोपली होती. आईने ओठांवर बोट ठेवलं.

“बारा दिवसांत पहिल्यांदा लागलाय डोळा तिचा, मावशी.”

“जरा पट्टी बघायची होती.”

“साहेब काय म्हणाले, ऐकलं नाहीत का?” मागून मोठ्या सिस्टर आल्या. “काय झालंय पट्टीला? सैल आहे?”

हा क्षण होता. तोंड उघडायचं आणि दोन वाक्यं बोलायची. पानवालीने तोंड उघडलंही.

“नाही,” ती म्हणाली. “घट्ट तर नाही झाली, बघत होते.”

ती आपल्या खोलीत परतली. ड्रममधली उरलेली पानं तिने एकेक उलगडून पाहिली. मधली सगळी हिरवी होती. ती तिने कागदात गुंडाळून कचऱ्यात खोल दाबली, वर केळीचे दांडे टाकले. बावीस वर्षांत या खोलीतून तिने काही लपवून फेकलं नव्हतं. हात धुताना तिला वाटलं, नळाचं पाणी आज फार आवाज करतंय.

संध्याकाळी घरी नवरा वाटच बघत होता. तो शिंपी होता. सबंध गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि त्याच्या बोलण्यापुढे यंत्राची टकटक कमी पडायची.

“काय म्हणतात पन्नास दवाखाने? कोट कसा दिसला? खिशाकडे बघितलं का कुणी?” तिचे डोळे भरलेले दिसले तेव्हा तो चष्मा कपाळावर चढवून उठला. “अगं, काय झालं? रडतेस कशाला?”

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत बसला. मग म्हणाला, “टेप काळी होती ना?”

“होती.”

“मग कागदावर तुझं काही चुकलं नाही. उद्या अकराला पान निघणार, तू चांगलं लावणार. एका दिवसात काय आकाश कोसळतंय? आता उगाच बोलायला गेलीस, तर तुझं जाईलच, पण त्या पन्नास ठिकाणच्या पोरांचंही जाईल. त्यांना मग जाळीच ओरबाडणार. त्याचा विचार कर.”

हे तो तिच्या बाजूने बोलत होता, आणि बोलणं खोटंही नव्हतं. म्हणूनच ते तिला इतकं सोयीचं वाटलं. ती दोन घास जेवली. जेवताना तिने ताटातली पालेभाजी बाजूला सारली, ते पाहून त्याने ती स्वतःच्या ताटात ओढून घेतली.

* * *

मंगळवारी अकराला पान निघालं. चिमणी रडली नाही, उलट पाहुण्यांना म्हणाली, “बघा, दुखतच नाही.” टाळ्या वाजल्या. साहेबांनी पानवालीच्या खांद्यावर थोपटलं. पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही प्रवास करू शकाल ना?”

“हो,” पानवाली म्हणाली. तिचं लक्ष कोपराच्या आतल्या बाजूला होतं. बाकी जखम गुलाबी, ओलसर, जशी हवी तशी. तिथे मात्र नखाएवढा भाग निस्तेज झाला होता. बाकी कुणाला तो दिसणारही नव्हता. तिने मिठाच्या पाण्याने ती जागा तीनतीनदा धुतली आणि नव्या, नीट शिजलेल्या पानाने झाकली. ही पानं तिने सकाळी दोनदा वाफेत घातली होती. वाफवाला वैतागला होता. “आज काय पानांचं सूप करतेस का, ताई?”

बुधवारी सकाळी ती विभागात शिरली आणि दारातच थबकली. वास होता. अगदी पुसट, गोडसर, पिकून उतरलेल्या फळासारखा. मोठ्या सिस्टर दारापाशीच औषधं मोजत होत्या, त्यांना आला नव्हता. झाडणारीला आला नव्हता. पानवालीच्या नाकाने बावीस वर्षांत हा वास चारच वेळा घेतला होता. त्या चार खाटा कुठल्या, हे तिला अजून आठवत होतं. त्यातल्या तिघांची नावंही आठवत होती.

चिमणी गप्प पडून होती. तोरा नव्हता. गाल लाल, ओठ कोरडे.

“पानवाली,” ती पुटपुटली, “आज हिरवं लाव.”

ताप एकशे तीन होता. डॉक्टर आले, पट्टी उघडली. नखाएवढा निस्तेज भाग आता तळहाताएवढा झाला होता आणि त्यावर निळसर हिरवी झाक होती. डॉक्टरांनी कापसाच्या काडीवर नमुना घेतला, सलाईन लावलं, महागडं इंजेक्शन मागवलं आणि शुक्रवारचं ऑपरेशन रद्द केलं. जाताना ते सिस्टरांना एवढंच म्हणाले, “कुठून आलं हे, शोधा. विभागात अजून अकरा जण आहेत.”

शोध सुरू झाला. पाण्याची टाकी तपासली. चादरी बदलल्या. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या फेकल्या. वाफेच्या यंत्राची नोंदवही काढली. सोमवारी दाब बरोबर, वेळ बरोबर, टेप काळी. वाफवाला छाती पुढे काढून उभा होता आणि पानवाली त्याच्या शेजारी मूग गिळून उभी होती.

गुरुवारी सकाळी दोष सापडला.

पानवाली खळ ढवळत होती, तेव्हा बाहेरून मोठ्या सिस्टरांचा आवाज आला. त्या वाईट बाई नव्हत्या. रात्रभर त्यांनी डोळा मिटला नव्हता, एवढंच.

“खरं सांगा, तुम्ही पट्टीला हात लावलात की नाही?”

“सोमवारी... सोमवारी संध्याकाळी,” चिमणीची आई म्हणत होती. “तिला खाजत होतं, ताई. मी फक्त कडेचं पान जरासं उचललं. बघितलं आणि परत ठेवलं.”

“बघितलं! या हातांनी? बघा तुमचे हात! या भेगांत काय काय असतं, माहीत आहे? सतरा वेळा सांगितलं, हात लावू नका, हात लावू नका! आता बघा काय झालं ते!”

पानवाली दारात आली. आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. असे वळवून, आधी तळवे, मग पाठ. रडत नव्हती. मग ती चालत भिंतीशी असलेल्या नळापाशी गेली, नळ सोडला आणि साबण घेऊन हात घासू लागली. घासत राहिली. भेगांतून रक्त आलं, तरी घासतच राहिली.

“आधी तिला कारखान्यात मीच नेलं,” ती नळाला सांगावं तसं म्हणाली. “आणि आता हेही मीच.”

पानवालीच्या हातातला डाव खळीच्या पातेल्यात पडला. तो काढायला ती थांबली नाही. मास्तरचं सगळं बोलणं, पन्नास दवाखाने, पन्नास ठिकाणची पोरं, सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही या बाईच्या हातांपुढे टिकत नव्हतं.

“सिस्टर,” ती म्हणाली, “त्यांनी काही केलेलं नाही. सोमवारचं पान कच्चं होतं. ड्रमची भोकं बंद राहिली होती. मीच बंद केली होती.”

सिस्टरांना आधी अर्थच लागला नाही. “काय? टेप तर...”

“टेप बाहेरून काळी झाली. पान हिरवं होतं. मी बघितलं होतं.”

“बघितलं होतं?”

“हो. आणि तरी लावलं.”

विभागात आणखी अकरा खाटा होत्या आणि सगळ्या ऐकत होत्या. पानवाली नळापाशी गेली. तिने नळ बंद केला आणि आईचे ओले हात स्वतःच्या हातांत धरले.

“तुमच्या हातांनी काही झालं नाही, बाई. माझ्या हातांनी झालं.”

आईने तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. पानवालीला वाटलं, आता ही मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण आईने नुसते आपले हात सोडवून घेतले, नळ पुन्हा सुरू केला आणि ती पुन्हा हात धुवायला लागली.

* * *

साहेबांनी दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत. टेबलावर पाहुण्यांचं पत्र होतं, त्यावर पेपरवेट ठेवलेला.

“पन्नास ठिकाणी हे जाणार होतं, बाई. आता मला त्यांना लिहावं लागेल. तेही थांबेल आणि इथलंही थांबेल. उद्यापासून पान बंद.”

“पानाचा दोष नाही, साहेब. पान चांगलं आहे. चूक माझी आहे.”

“मला कळतं. पण पत्रात हे कसं लिहू? पान चांगलं आहे, फक्त त्याला बघणारा माणूस खरा हवा, असं लिहू?” त्यांनी पत्रावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. “तुम्ही बोलला नसता तर कुणाला कधी कळलंही नसतं.”

“मला कळलं होतं,” पानवाली म्हणाली.

चौकशी होईपर्यंत तिला कपड्यांच्या खोलीत बसवलं. जळित विभागात पाय ठेवायचा नाही, असा लेखी हुकूम निघाला. दोन खिशांचा कोट तिने घडी करून मास्तरच्या पेटीत ठेवला. मास्तरने तो पाहिला आणि यंत्राचं चाक उगाच मागेपुढे फिरवत बसला. पाण्याच्या टाकीमागे केळींना नवी पानं येत राहिली, वाऱ्याने फाटत राहिली.

कपड्यांच्या खोलीत काम सोपं होतं. जाळीच्या कापडाचे तुकडे घ्यायचे, चार पदरी घड्या घालायच्या, पन्नासाचा गठ्ठा बांधायचा. पण या खोलीची मागची भिंत जळित विभागाची होती, आणि तिकडे रोज सकाळी दहाला पट्ट्या बदलायला सुरुवात व्हायची. पहिला नंबर चिमणीचा.

पहिल्या दिवशी ती किंकाळी आली तेव्हा पानवालीने दोन्ही हातांनी कान दाबले. जाळी सुटत नव्हती. पाणी ओतून ओतून, हळूहळू, तरीही सुटत नव्हती. जी पोर बारा दिवस हूं की चूं न करता छताकडे बघत राहिली, ती पोर ओरडत होती, “पानवालीला बोलवा! तिला बोलवा! ती दुखवत नाही!” पानवाली उठली, दारापर्यंत गेली, आणि हुकूम आठवून परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

दुपारी पानवाली डबा खात असताना मोठ्या सिस्टर खिडकीपाशी येऊन थोडा वेळ उभ्या राहायच्या. त्यांच्यात आता फार बोलणं उरलं नव्हतं. “ताप उतरत नाही,” त्या म्हणायच्या. “आता काही सांगता येत नाही.” एकदा म्हणाल्या, “दोन बोटं काढावी लागतील बहुतेक.” आणि मग, “तेवढ्यावर भागलं तर नशीब.”

पुढच्या गुरुवारी दहा वाजले आणि आवाज आला नाही.

पानवालीने हातातली घडी पूर्ण केली. दुसरी घेतली. ट्रॉलीची चाकं वाजत आली होती, ती तिने ऐकली होती. चाकं थांबलेलीही ऐकली होती. त्यानंतर काही नाही. दहा वाजून पाच मिनिटं झाली. पलीकडे कुणीतरी भराभर चाललं, दार उघडलं, दार लागलं. दहा वाजून आठ. ती उठून भिंतीपाशी गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. भिंत गार होती. तिने मनातल्या मनात कुणाशी काय करार केला, ते तिचं तिला माहीत. दहा वाजून दहा. आईचा आवाजही नाही. आई असती तर बोलली असती. की नसती?

दहा वाजून बारा मिनिटांनी किंकाळी आली. लांबलचक, संतापलेली, घसा फोडून. आणि लगेच, “पानवालीला बोलवा!”

ती तिथेच जमिनीवर, कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली. बावीस वर्षं तिने पानं धुतली, पुसली, शिजवली, ती पोरांच्या तोंडून हा आवाज निघू नये म्हणून. आज तो ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता.

“ओरड गं, बाळा,” ती भिंतीला म्हणाली. “ओरड.”

पलीकडे चिमणी ओरडत होती. पानवालीने पदराने डोळे पुसले, उठून हात धुतले, आणि गठ्ठ्यातला पुढचा जाळीचा तुकडा उचलून त्याची चार पदरी घडी घातली.